बोलण्यासाठी उपलब्ध

वैजयंतीबाईंच्या मनगटावर कायम रबरबँड असत. सकाळी पेपरवाला सायकल न थांबवताच खालून पेपरची सुरळी भिरकावी आणि ती दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत येऊन आदळे. कधी तुळशीच्या कुंडीवर, कधी उन्हात टाकलेल्या रजईवर. चहाचं आधण ठेवून त्या बाहेर येत, सुरळीचं रबर काढून मनगटात सरकवत आणि मगच पेपर उघडत. मनगट भरलं की बिल घ्यायला आलेल्या पेपरवाल्याच्या हातावर ती सगळी ठेवत.

“लो भैया, तुम्हारी चूड़ियाँ.”

“पूरे सेक्टर में आप ही लौटाती हो, माताजी,” तो दरवेळी म्हणे.

कादंबरी लग्न होऊन नोएडातल्या या घरात आली तेव्हा ती रबरं सासूबाईंच्या डाव्या मनगटावर असत. दोन वर्षांपूर्वी ती उजव्या मनगटावर आली होती. घड्याळही तिकडेच आलं होतं. डावा स्तन काढला तेव्हा काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या होत्या, आणि त्या हातावर घट्ट काही घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बिल्डिंगमध्ये कुणाच्या ते लक्षात आलं नाही. येणार तरी कसं? सगळ्यांना ठाऊक होतं की वैजयंतीबाई तेव्हा हवापालटासाठी पुण्याला भावाकडे गेल्या होत्या. हे सांगितलं होतं त्यांच्या मुलाने, हेरंबने, आणि जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, मदर डेअरीच्या रांगेत ते पुन्हा पुन्हा सांगितलं होतं कादंबरीने. “पुण्याची हवा मानवलेली दिसत नाही, किती वाळलात,” असं शेजारणी पुढे म्हणाल्या, तेव्हा वैजयंतीबाई नुसत्या हसल्या होत्या.

त्यांचं निम्मं आयुष्य दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेलं होतं. महाराष्ट्रातून येणारे मंत्री, त्यांचे सचिव, इंटरव्ह्यूला आलेली घाबरलेली पोरं, सगळ्यांचे आवाज त्यांनी जोडून दिले होते. नवरा केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तो अचानक गेला तेव्हा हेरंब कॉलेजात होता. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि त्या यमुना ओलांडून इथे आल्या. तेव्हा सेक्टरात अर्धे प्लॉट रिकामे होते, मोहरीचं शेत बाल्कनीतून दिसायचं. आता तिथे दुकानं झाली होती, केबलच्या वायरी या गच्चीवरून त्या गच्चीवर गेल्या होत्या, आणि लाइट गेली की जनरेटरांचा असा गलका उठे की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येऊ नये. वैजयंतीबाईंना मात्र यायचं. “ट्रंक लाइनवर कान तयार झालाय माझा,” त्या म्हणायच्या.

त्या वर्षीच्या जानेवारीत मराठी मंडळाच्या महिला शाखेने एक चांगली गोष्ट ठरवली. शाखेच्या अध्यक्ष चंद्रप्रभाबाईंच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई सरकारी इस्पितळात होत्या. एक दुपार येऊन स्तनांच्या कर्करोगाबद्दल बोलायला आणि ज्यांना हवं त्यांना पडद्यामागे तपासायला त्या तयार होत्या. सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरचा हॉल मिळाला. चंद्रप्रभाबाईंच्या दिवाणखान्यात हिटरभोवती बसून बैठक झाली. कादंबरी शनिवारची सुट्टी म्हणून सासूबाईंबरोबर गेली होती.

“मी काय म्हणते,” चंद्रप्रभाबाई तिळाच्या गजकची बशी पुढे सरकवत म्हणाल्या, “आपण हळदीकुंकू ठेवू. नाहीतरी रथसप्तमीपर्यंत करायचंच असतं. बायका वाणाच्या निमित्ताने येतात. एकदा येऊन बसल्या की डॉक्टरांना बोलू दे. त्या रोगाचं नाव आधी घेतलं, तर चिटपाखरू फिरकणार नाही, खरं की नाही?”

सगळ्यांना ते पटलं. कुणीतरी म्हणालं, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे घेऊ, सदर बाजारात स्वस्त मिळतात. कुणी अत्तरदाणी आणायची कबूल केली. पेपरात बातमी यायला हवी, असं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा वैजयंतीबाईंकडे वळल्या.

“तुम्ही सदनात होतात, वैजूताई. पेपरवाल्यांशी तुमची ओळख असणार.”

“मी फक्त त्यांचे फोन जोडायची हो,” त्या म्हणाल्या. पण चंद्रप्रभाबाईंनी स्वतः लिहिलेला मसुदा त्यांनी घेतला, चष्मा लावून वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. मसुद्यात दीपप्रज्वलन होतं, दोन प्रमुख पाहुण्या होत्या, स्वागतगीत होतं. ‘समस्त सुवासिनींनी उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी’ असं होतं. डॉक्टरीणबाई शेवटच्या ओळीत होत्या, ‘आरोग्यविषयक हितगुज’ करणार होत्या.

परतताना कादंबरी हसू दाबत म्हणाली, “आई, त्यांनी तुम्हाला काम दिलं, पण बोलावणं दिलंच नाही.”

“त्यांच्या लक्षात आलं नसेल गं. माणूस चांगलं आहे ते,” वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर बारीक काळी टिकली होती, नवरा गेल्यावर त्यांनी आपल्या मनाने लावायला घेतलेली. थोडं चालून गेल्यावर त्या म्हणाल्या, “मी कुठेतरी खुर्च्या मोजत उभी राहीन. माझं काय. पण खालच्या हेमलताबाई?”

हेमलताबाई तळमजल्यावर एकट्या राहत. रेल्वेतला नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी अमेरिकेत होती. वैजयंतीबाईंचा पेपर वाचून झाला की तो खाली हेमलताबाईंकडे जाई, हा दोघींचा करार. पेपर द्यायला गेलं की त्या चेष्टेने म्हणत, “आला का शिळा माल?”

दुसऱ्या दिवशी पेपर देताना वैजयंतीबाईंनी कार्यक्रमाचं सांगितलं. कादंबरी मागे शिडीवर चढून हेमलताबाईंच्या बाथरूमचा बल्ब बदलत होती.

“हळदीकुंकवाला मला कोण बोलावतंय?” हेमलताबाई म्हणाल्या. “आणि मला काही वाईट नाही वाटत हं. तो डबा घेऊन मी करू काय? माझ्याकडे मुळात डाळच पावशेर येते.” मग शालीचं टोक पुन्हा पुन्हा नीट करत त्यांनी विचारलं, “ती डॉक्टर... ती दुखत नसलं तरी बघते का?”

“काय दुखत नसलं तरी?”

“काही नाही हो. सहज आपलं.”

जिना चढताना वैजयंतीबाई मधल्या पायरीवर थांबल्या. कादंबरीला वाटलं धाप लागली.

“ऐकलंस?” त्या म्हणाल्या. “मीही असंच विचारलं होतं. याच शब्दांत. आपल्या त्या फार्मसीवाल्याला. ‘दुखत नसलं तर काही नसतं ना?’ आणि पुढे कितीतरी दिवस घालवले.”

“मग सांगा ना त्यांना तुमचं. आत्ताच जाऊन सांगा.”

“एकटीला सांगितलं की बोट दाखवल्यासारखं होतं, कादंबरी. ती लगेच म्हणेल, मला काही झालेलं नाही, आणि दार लावून घेईल. मी तिला ओळखते. मी स्वतःला ओळखते ना.”

पेपरच्या कचेरीत त्या दोघी सोमवारी गेल्या. नेहरू प्लेसच्या ज्या कॉम्प्युटर कंपनीत कादंबरी काम करायची, तिथून तिने अर्धा दिवस सुट्टी काढली. ब्लूलाइन बसमध्ये वैजयंतीबाई डाव्या हाताला धक्का लागू नये म्हणून खिडकीकडे बसल्या. हिंदी पेपरच्या सिटी डेस्कवर एक पिकल्या मिश्यांचे गृहस्थ लोकरी टोपी घालून बसले होते. त्यांच्या टेबलावरच्या लोखंडी खिळ्यात कागदांचा ढीग खुपसलेला होता. कादंबरीने कसाबसा हिंदीत केलेला मसुदा त्यांनी एका श्वासात वाचला.

“माताजी, यह तो शादी का कार्ड है,” ते म्हणाले. “दीप जलेगा, फूल चढ़ेंगे. ये सारे देखिए,” त्यांनी खिळ्याकडे हात केला, “सबमें दीप ही जल रहा है.”

वैजयंतीबाई मनापासून हसल्या. हसल्या म्हणून त्या गृहस्थांनी चहा मागवला.

“ख़बर क्या है, यह बताइए. कार्यक्रम के बाद भेजेंगी तो प्रेस नोट. पहले भेज रही हैं तो एडवाइज़री. उसमें पाँच बातें. क्या, कब, कहाँ, किसके लिए, और मेरी रिपोर्टर आकर बात किससे करेगी.”

“डॉक्टर आहेत ना,” कादंबरी घाईत मराठीत म्हणाली आणि मग सावरून, “डॉक्टर हैं.”

“डॉक्टर तो अस्पताल में भी मिल जाती हैं, बेटी. जिस औरत को हुआ और जो ठीक है, ऐसी कोई बोले तो लोग पढ़ेंगे. पर ऐसी कोई मिलती नहीं. नाम छुपाकर बोलती हैं, फिर पढ़ने वाली सोचती है कि मनगढ़ंत कहानी है.” चहाचा ग्लास खाली करून त्यांनी मसुदा परत दिला. “लिख लाइए. फ़ैक्स कर दीजिए. हम देखेंगे.”

परतीच्या बसमध्ये वैजयंतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पूल आला, खाली काळं पाणी आणि पलीकडे भोपळ्याचे वेल गेले, नवे टॉवर्स आले. स्टॉपवर उतरल्यावर त्यांनी फक्त मटार घेतले.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मटार सोलता सोलता त्यांनी लिहायला घेतलं. म्हणजे लिहीत होती कादंबरी, त्या सांगत होत्या.

“आधी मराठीत. हिंदी-इंग्रजी तू नंतर कर. हे बघ, तीन मिनिटांचा ट्रंक कॉल आहे असं समज. पैसे पडताहेत. लोक काय करायचे, माहितेय? ‘हॅलो, कसे आहात, पाऊस आहे का,’ यातच मिनिटं संपायची आणि ‘आजोबा आजारी आहेत, निघा’ सांगायच्या आधी लाइन कट. मी मध्ये बोलायचं नसे. पण एकदा राहवलं नाही. म्हटलं, अहो, पाऊस राहू द्या, काम सांगा.”

“मग काम सांगा,” कादंबरी पेन सरसावून म्हणाली.

त्या सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली. स्तनांच्या कर्करोगाची माहिती आणि मोफत तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टर स्त्री आहेत. पडद्याआड, एकेकीची. वार, वेळ, कम्युनिटी सेंटर, पाण्याच्या टाकीसमोर. दुखत नसलं तरी या. ही ओळ त्यांनी दोनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, “सर्व स्त्रियांसाठी. लिही, लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा नसलेल्या. कुठलीही भाषा बोलणाऱ्या.”

“आई, मग हळदीकुंकू?”

“ते चंद्रप्रभाबाईंशी मी बोलते. आता शेवटचं. ‘बोलण्यासाठी उपलब्ध’ असं लिही.”

कादंबरीने लिहिलं आणि पेन थांबवलं. तिला पुढचं नाव कळलं होतं.

हेरंब ऑफिसातून येऊन टाय सैल करत मागे उभा होता. तो म्हणाला, “नाही हं, आई.”

“काय नाही?”

“पेपरात? नाव घालून? अगं, माझ्या ऑफिसात, इथे सोसायटीत...”

“तुझ्या ऑफिसात हिंदी पेपर वाचतंय कोण? तुम्ही सगळे शेअरचे भाव बघता.”

“गंमत नाही करत मी. लोक तुझ्याकडे कसे बघतील, कळतंय का तुला? जिन्यातून जाताना आधी तिकडेच बघतील.”

“बघतील थोडे दिवस.” त्यांनी एक शेंग सोलली. “तुला लाज वाटते का रे माझी?”

हेरंब खुर्चीवर बसला. कादंबरीला वाटलं, तो चिडेल. पण त्याने टोपलीतले मटाराचे दाणे उगाच मुठीत घेतले आणि परत सोडले. “लाज नाही गं. पुण्याला गेली होतीस म्हटलं की मलाही तसंच वाटायचं. सगळ्यांना कळलं की दुखणं खरं होईल. मग परत भीती वाटायला लागेल.”

वैजयंतीबाईंनी उजव्या हाताने त्याच्या डोक्यावरचे केस विस्कटले. ते केस पुढे विरळ व्हायला लागले होते. “मला रोज वाटते,” त्या म्हणाल्या. “चहा टाकला की जाते. खाली कुणीतरी आहे, हेरंब, तिची भीती चहा टाकून पण जात नसणार. लिही गं, कादंबरी.”

सकाळी त्या कागद घेऊन चंद्रप्रभाबाईंकडे गेल्या. कादंबरी बसस्टॉपवर जाता जाता सोबत थांबली, आधार म्हणून. कुणाला ते तिलाही नक्की सांगता आलं नसतं. चंद्रप्रभाबाईंनी दारातच कागद वाचला. शेवटच्या ओळीशी त्यांची नजर अडली. ‘बोलण्यासाठी उपलब्ध: श्रीमती वैजयंती देवधर, ज्यांच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी दिल्लीत झाली.’

“म्हणजे पुण्याला नव्हता गेलात,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“इथे होतात. इथे इस्पितळात.” चंद्रप्रभाबाईंचा आवाज चढला. “आणि मला सांगितलं नाहीत? अहो, डबा पाठवला असता मी रोज! काय खाल्लंत तिथलं? ती लौकीची पाणीदार भाजी?”

“लौकीच,” वैजयंतीबाई म्हणाल्या. दोघी हसल्या आणि हसता हसता चंद्रप्रभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग कागद पुन्हा वर धरला. ‘नवरा नसलेल्या’ या शब्दांपाशी त्यांना कळलं. त्यांनी एकदा वैजयंतीबाईंच्या कपाळाकडे पाहिलं आणि एकदम खाली.

“मी तुम्हाला पेपरचं काम दिलं,” त्या हळू म्हणाल्या, “आणि यायचंच राहिलं होतं की हो तुमचं.”

“आता येते की.”

“तिळगूळ तरी ठेवू? तिळगूळ काढू नका बाई, लाडू वळून झालेत.”

“तिळगूळ ठेवा. सगळ्यांना.”

कादंबरीने पेन काढून तिथेच, दाराच्या चौकटीला कागद टेकवून, ते शब्द वाढवले.

मार्केटमधल्या एसटीडीच्या दुकानातून फॅक्स गेले. दुकानदार सरदारजी प्रत्येक पान मशीनमध्ये घालताना वाचायचं टाळत होता, पण शेवटी म्हणालाच, “बहनजी, एक कॉपी दे दो. शीशे पे चिपका देता हूँ. यहाँ सारी लेडीज़ आती हैं.” कार्यक्रमाच्या दिवशी हिंदी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या. डॉक्टरीणबाईंचं नाव चुकलं होतं. पाण्याची टाकी होती. ‘दर्द न हो तब भी आएँ’ हेही होतं, आणि खाली वैजयंती देवधर. त्या सकाळी त्यांनी रबर काढलं, पेपर उघडला, स्वतःचं नाव वाचलं आणि नेहमीप्रमाणे घडी घालून तो कादंबरीच्या हातात दिला.

“खाली देऊन ये. आणि काही बोलू नकोस.”

हेमलताबाईंनी दार उघडलं, “आला का शिळा माल?” म्हटलं आणि पेपर घेतला. कादंबरी काही न बोलता वर आली. 

दुपारी धुकं वितळून ऊन पडलं. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये मंडळाच्या बायका आल्या, जरीच्या साड्यांवर स्वेटर घालून. पण बाहेरच्याही आल्या. समोरच्या सेक्टरातल्या पंजाबी मावशी, बंगाली शिक्षिका, कोपऱ्यावर इस्त्री करणारी बाई. पहाडगंजहून एक तरुण मुलगी आईला घेऊन आली होती, पेपरचा तुकडा मुठीत धरून. रिपोर्टर आली, कॉलेजातून नुकतीच सुटल्यासारखी दिसणारी. डॉक्टरांचं झाल्यावर वैजयंतीबाई उभ्या राहिल्या. माइक त्यांनी बाजूला केला. आवाज कुठपर्यंत पोचतो हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्या हिंदीत बोलल्या, थोडंसंच. कळलं कसं, किती दिवस लपवलं, कुणाला काय खोटं सांगितलं. “मैं पुणे नहीं गई थी,” असं त्या म्हणाल्या तेव्हा आपल्या बिल्डिंगमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागच्या भिंतीशी उभा असलेला हेरंब जमिनीकडे बघत होता. मग त्याने मान वर केली आणि पुढे आईकडेच पाहत राहिला. एकीने विचारलं, “अब साड़ी कैसे पहनती हैं, दीदी?” तर त्यांनी सरळ सांगितलं, कापसाची गादी शिवून ब्लाउजच्या आत कशी घालायची ते, आणि हॉलमध्ये हसण्याची एक लाट आली. त्या हसण्यानंतर पडद्यापुढे रांग लागली.

हेमलताबाई दाराजवळच्या खुर्चीवर होत्या. केव्हा आल्या ते कादंबरीने पाहिलं नव्हतं. शाल गळ्यापर्यंत ओढलेली, पर्स मांडीवर घट्ट. रांग पुढे सरकत होती आणि त्या उठत नव्हत्या. कादंबरी त्यांच्याकडे निघाली, तेव्हा वैजयंतीबाईंनी तिला डोळ्यांनी थांबवलं. स्वतः दोन तिळाचे लाडू घेऊन त्या गेल्या, शेजारी बसल्या. एक त्यांना दिला, एक आपण खाल्ला.

“कडक झालेत,” हेमलताबाई म्हणाल्या.

“चंद्रप्रभाबाईंचा पाक नेहमी पुढे जातो.”

बराच वेळ दोघी लाडू चावत राहिल्या.

“पर्स धरता का जरा?” हेमलताबाई म्हणाल्या आणि उठल्या.

पडद्यामागून त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. दोन दिवसांनी इस्पितळात जायचं होतं. गाठ होती, लहान होती, लवकर आलात, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. वैजयंतीबाईंनी पर्स परत दिली आणि विचारलं, “सकाळची बस की रिक्षा करायची?” हेमलताबाईंच्या ऑपरेशनच्या दिवसांत चंद्रप्रभाबाईंनी डबा पाठवला. रोज. लौकी सोडून सगळं.

पुढे दर जानेवारीत मंडळाची तशी दुपार झाली. कधी त्या आजारासाठी, कधी रक्तातल्या साखरेसाठी. सूचना वैजयंतीबाईच सांगत, कादंबरी लिहून घेई, आणि मंडळात कुणी लांबण लावली की दुसरी कुणीतरी म्हणे, “पाऊस राहू द्या, काम सांगा.” त्या हॉलमधून उठून किती बायका वेळेत इस्पितळात गेल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. रस्त्यात मात्र अनोळखी बायका वैजयंतीबाईंना थांबवत आणि बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजत. त्या ऐकून घेत. फोनवर ऐकायच्या तशाच, मध्ये न बोलता.

त्यांचा स्वतःचा आजार काही वर्षांनी परत आला, या वेळी हाडांमध्ये. कुणी पुण्याचं नाव काढलं नाही. मंडळाच्या बायका पाळीपाळीने येऊन बसत. हेमलताबाई तर दुपारचा मुक्कामच टाकत, मोठ्याने पेपर वाचून दाखवत आणि राजकारण्यांना शिव्या घालत. शेवटच्या आठवड्यात वैजयंतीबाईंचं मनगट इतकं बारीक झालं की रबरं कोपरापर्यंत सरकायची. तरी सकाळचा पेपर कादंबरीने त्यांच्या हातात द्यायचा आणि रबर त्यांनीच काढायचं, हे चालूच होतं.

त्या आठवड्यातल्या एका सकाळी बाल्कनीत सुरळी आदळली. कादंबरीने ती आणून दिली. वैजयंतीबाईंनी सावकाश रबर काढलं, पण पेपर उघडला नाही. मनगटावरची सगळी रबरं एकेक करून काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

“पेपरवाला आला की दे त्याला,” त्या म्हणाल्या. “आणि आज पेपर आधी खाली नेऊन दे. हेमलता केव्हाची उठून बसली असेल.”